शेऱ्याचा रकाना

मूल्यमापन कक्ष हे नाव भारदस्त होतं, खोली मात्र जिन्याखालची. छत एका बाजूने उतरत आलेलं, त्यामुळे कपाटापाशी जाताना मान खाली घालावी लागे. डोक्यावरून दिवसभर बुटांचे आवाज जायचे. कोण चढतंय, कोण उतरतंय, हे मला न बघता कळायचं. त्यातलं कोणी खाली डोकावत मात्र नसे. टेबल एक, संगणक एक, खुर्च्या दोन. दुसऱ्या खुर्चीवर फायली बसायच्या.

आमच्या खात्याची एकशे बारा छोटी-मोठी कार्यालयं. प्रत्येकाने दर महिन्याला एक छापील नमुना भरून पाठवायचा. अर्ज किती आले, किती निकाली निघाले, तक्रारी किती, उशीर किती दिवसांचा. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही त्याने 'निरंक' लिहायचं, पण नमुना पाठवायचाच. काही घडलं नाही हेसुद्धा सरकारात वेळेवर कळवावं लागतं. मी ते आकडे संगणकात चढवायचे आणि कोण पहिलं, कोण शेवटचं ते काढायचं.

संगणक मी माझी मीच शिकले. आई अंथरुणाला खिळली होती त्या दोन वर्षांत, तिच्या पायाशी बसून, भाच्याने टाकून दिलेल्या पुस्तकावरून. म्हणून साहेबांनी "गुण काढायला एखादं सूत्र बसवता येईल का?" असं विचारलं तेव्हा अख्ख्या कचेरीत माझाच हात वर गेला. निकाली निघालेले अर्ज भागिले आलेले, गुणिले शंभर. एवढंच. पण पहिल्यांदा चालवलं तर एका ओळीत आकड्याऐवजी नुसत्या लाल खुणा उमटल्या. त्या कार्यालयात अर्जच आलेले नव्हते आणि शून्याने भागायला संगणक तयार नव्हता.

साहेब माझ्याहून बारा वर्षांनी लहान. काम असलं की 'ताई' म्हणतात, चिडले की 'मॅडम'.

"ताई, हे लाल लाल काय दिसतंय? वर पाठवायचाय हा तक्ता. काढा ना काहीतरी करून."

मी विचार केला. ज्याच्याकडे काही आलंच नाही, त्याच्याकडे काही पडूनही राहिलं नाही. म्हणजे त्याची चूक शून्य. सूत्रात एक अट घातली: आलेले शून्य असतील तर शंभर धरा. खुणा गेल्या.

"वा! कमाल केलीत," साहेब म्हणाले.

एकावन्न वर्षांत माझ्या डोक्यातून निघालेल्या गोष्टीला कोणी कमाल म्हणण्याची ती पहिलीच वेळ. त्या संध्याकाळी मी बसमधून एक थांबा आधी उतरले आणि उगाच चालत घरी गेले. सांगायला घरी कोणी नव्हतं. रविवारी दादाचा फोन येतो तेव्हा सांगू म्हटलं. रविवारी दादा नेहमीसारखा म्हणाला, "काय विशेष?" आणि मी नेहमीसारखी म्हणाले, "काही नाही, सगळं ठीक." "बरं, ठेवतो मग." आई होती तेव्हा हाच फोन अर्धा तास चालायचा.

वर्ष संपायला आठवडा होता, पण साहेबांना धीर नव्हता. अकरा महिन्यांच्या आकड्यांवरून त्यांनी यादी काढायला लावली. यंदा प्रथमच उत्कृष्ट कार्यालयाला पुरस्कार मिळणार होता. एकशे बारांत पहिलं आलं वजनमापे तपासणीचं एक उपकार्यालय. दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासून शिक्का मारणारं. कर्मचारी: निरीक्षक, एक. शिल्लक अर्ज शून्य, तक्रारी शून्य, उशीर शून्य, रजासुद्धा शून्य. बाकीचे सगळे सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवात धडपडत होते आणि हा एकटा गडी शंभरावर.

"सापडला आपला हिरो!" साहेब म्हणाले. "यादी मी वर पाठवलीय. तुम्ही फक्त जाऊन पडताळणीचा कागद करून आणा."

पुरस्कार म्हणजे पितळी ढाल, मुख्यालयात सत्कार, आणि एक सवलत. विजेत्या कार्यालयातल्या माणसाला दोन वर्षं हलवायचं नाही. बसलेली घडी मोडायला नको म्हणून.

पडताळणीसाठी मी कपाटातून मूळ नमुने काढले. इथे मला माझ्या एका सवयीबद्दल सांगावं लागेल. आकडे चढवताना नजर घसरू नये म्हणून मी कागदावर लाकडी फूटपट्टी उभी ठेवत असे. ती नेमकी शेवटच्या रकान्यावर यायची. शेवटचा रकाना शेऱ्याचा. शेऱ्याला गुण नसतात, म्हणून माझ्या तक्त्यात तो रकाना मी घेतलाच नव्हता. त्या दिवशी टेबलावर फूटपट्टी नव्हती. एवढंच कारण.

ठसठशीत, एकसारखं अक्षर. 'निरंक. पाच किलोचे वजन पुसले.' पुढच्या महिन्यात: 'निरंक. एक गृहस्थ आले होते. दवाखाना कुठे आहे विचारले. सांगितले.' त्यापुढे: 'खिडकीच्या काचेला तडा. मागे कळविले होते. पुन्हा कळवितो.' मी आणखी मागचे नमुने काढले. तीन वर्षांचे निघाले. सगळे निरंक, आणि प्रत्येकाच्या टोकाला एक ओळ. 'काम असलेल्या ठिकाणी बदली मिळावी, ही विनंती.' ही ओळ अकरा वेळा होती, मी मोजली. एकदा नुसतंच, 'वाचणाऱ्यास नमस्कार.' आणि दीड वर्षापूर्वीच्या एका नमुन्यावर, रकान्याबाहेर जाऊन, बारीक अक्षरात: 'हे कोणी वाचत असल्यास पुढील कोऱ्या नमुन्याच्या कोपऱ्यात पेन्सिलने खूण करून पाठवावी. उत्तराची गरज नाही.'

कोरे नमुने सगळ्या कार्यालयांना मीच पाठवत असे, दर तीन महिन्यांनी, गठ्ठा बांधून. म्हणजे या माणसाने त्यानंतर सहा वेळा गठ्ठा सोडून प्रत्येक कागदाचा प्रत्येक कोपरा बघितला असणार.

शेवटच्या नमुन्यावर लिहिलं होतं: 'सेवानिवृत्तीस दोन वर्षे उरली. निदान तेवढी तरी माणसांत जावीत.'

मी कागद घेऊन वर साहेबांकडे गेले.

"साहेब, तिथे कामच नाहीये. शून्य आलेत म्हणून शंभर पडलेत. आणि त्या माणसाला तिथून निघायचंय. पुरस्कार दिला तर तो निवृत्त होईपर्यंत तिथेच अडकेल."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ताई, सूत्र कोणी केलं?"

"मी."

"मग? आता मी वर जाऊन सांगू की आमचं सूत्रच चुकलं? कक्षच बंद करतील. तुम्ही परत आवक-जावकला, पाकिटं फोडायला. चालेल? आणि शेरे काय हो, शेरे सगळेच लिहितात. जाऊन या, सही घेऊन या. उगाच मोडता घालू नका, मॅडम."

मॅडम म्हणाले म्हणजे विषय संपला.

घरी आले आणि ओट्याशी उभी राहिले. कपाटात आईचा तराजू होता. हाताने धरायचा, दोन पितळी पारड्यांचा. आईचा दुकानदारांवर काडीचा विश्वास नव्हता. साखरेची पुडी असो की पीठ, घरी आल्या आल्या ती पुन्हा तोलायची आणि "बघ, दोन ग्रॅम मारले मेल्याने," म्हणून समाधानाने डब्यात ओतायची. तराजू बघता बघता माझ्या डोक्यात आलं. वर्ष संपायला दोन दिवस आहेत. या दोन दिवसांत तिथे एक अर्ज आला आणि निकाली न निघता पडून राहिला, तर आलेले एक, निकाली शून्य. शंभराचा थेट शून्य होईल. बाराव्या महिन्याचे आकडे चढले की यादी आपोआप बदलेल. सूत्रालाही हात लावायला नको.

स्वतःच्या हुशारीवर मी त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सकाळची बस तीन तासांची. कार्यालय एका गल्लीच्या शेवटी, तळमजल्यावर. दारापाशी येणाऱ्यांसाठी बाक होता. लाकडी बाकाच्या मधोमध सहसा पॉलिश उडालेलं असतं. इथे ते कुठेही उडालेलं नव्हतं.

निरीक्षक उभेच होते. उंच, काटकुळे, सदऱ्याचं वरचं बटणही लावलेलं. मी मुख्यालयातून आले म्हटल्यावर त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली. ती आधीच स्वच्छ होती.

"नमुने तुमच्याकडे येतात?"

"हो."

"वाचतं का कोणी?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. "कालपासून," मी म्हणाले.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. नुसती मान हलवली, आकडा बरोबर आल्यावर हलवतात तशी. "काच बघा मग. तडा तोच आहे, फक्त लांब झालाय."

त्यांनी मला सगळं दाखवलं. काचेच्या पेटीतला मोठा तराजू. टेबल सरळ आहे ना हे बघायची पाणसळ. आणि मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं, पाच किलोपासून मुगाच्या डाळीएवढ्यापर्यंत.

"ही प्रमाण वजनं. यांना बोट लावायचं नाही. घाम लागला तरी वजन वाढतं. चिमट्याने उचलायचं, मऊ कातड्याने पुसायचं. रोज पुसतो."

"कोणी वापरत नसताना?"

"धूळ काय वापरणाऱ्याची वाट बघते का?" ते म्हणाले. मग जरा थांबून, "तीन वर्षांपूर्वी तपासणी मोठ्या केंद्रात गेली. दुकानदार तिकडे जातात. माझं पद तेवढं इथे राहिलं. पद हलवायला कागद लागतो ना."

मी पिशवीतून तराजू काढला. "हा तपासायचाय. अर्ज लिहून आणलाय."

त्यांनी तराजूकडे बघितलं. मग माझ्याकडे. "घरगुती दिसतोय. घरगुतीला सक्ती नाही."

"पण कोणी आणलाच तर?"

"आणला तर नाही म्हणता येत नाही." एवढं बोलून त्यांनी बाह्या दुमडायला सुरुवात केली.

"अहो, घाई नाहीये. ठेवून घ्या. परवा करा, तेरवा करा. मी नंतर येऊन घेऊन जाईन."

"कशाला? मला काय दुसरं काम आहे?"

नोंदवहीचं नवं पान उघडून झालं होतं. तारीख घातली, क्रमांक एक घातला. शाई वाळावी म्हणून त्यावर फुंकर घातली. तो माणूस दहा वर्षांनी लहान दिसत होता. मला आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी सांगितलं सगळं. सूत्र, शंभर गुण, ढाल, दोन वर्षं न हलवण्याची सवलत. हा तराजू उद्या संध्याकाळपर्यंत नुसता इथे पडून राहायला हवा, हेही.

उचललेला चिमटा त्यांच्या हातात तसाच राहिला.

"म्हणजे मी पहिला आलो," ते म्हणाले.

"हो."

"काही न करता."

"हो. चूक माझी आहे."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेरून एक सायकल गेली.

"आणि उद्यापर्यंत हात लावला नाही तर सुटतो."

"तेवढंच करायचंय. काहीच करायचं नाहीये."

"तेच तर करतोय तीन वर्षं," ते म्हणाले. मग चिमटा खाली ठेवून त्यांनी तराजूची दांडी अलगद उचलली. "मॅडम, तीस वर्षांत माझ्या टेबलावर आलेला अर्ज दुसऱ्या दिवसापर्यंत राहिला नाही. आता एवढ्या दिवसांनी एक आलाय, आणि तुम्ही म्हणता बघत बसा. जमणार नाही हो मला."

"तुमची दोन वर्षं जातील."

"जातील. बसा तुम्ही. तासभर लागेल."

मी बसले. इतक्या वर्षांत मी हजारो निकाली अर्ज मोजले असतील. एक अर्ज निकाली निघताना कधी बघितला नव्हता. त्यांनी दांडी आडवी धरून श्वास रोखला. रिकामी पारडी एकमेकांकडे बघत डोलली आणि एक किंचित खाली राहिलं. ते पारडं उलटं करून त्यांनी भिंगातून बघितलं.

"मेण आहे. बाजारात सापडला असता तर दंड केला असता. या पारड्यात वजनं ठेवायचात का?"

"आई ठेवायची. उजव्या हाताला."

"मेणबत्तीचा थेंब पडलाय, जुना. दोन ग्रॅमचा फरक." नखाने न काढता त्यांनी कोमट पाण्याचं फडकं लावून तो सोडवला. "दुकानदार बिचारे बरोबर देत असणार. इथे कमी दिसत असणार."

मला हसू आलं, आणि मग ते आवरेना. आई जन्मभर सगळ्या दुकानदारांना चोर म्हणत आली होती. हसता हसता डोळे पुसावे लागले तेव्हा त्यांनी वजनांचं मऊ कातडं पुढे केलं, लगेच मागे घेतलं आणि स्वतःचा रुमाल दिला.

मग दांडीच्या टोकावर छिन्नी धरून हातोडीचा एकच ठोका. शिक्का उमटला. दाखला लिहिला, सही केली. आलेले एक, निकाली एक, लागलेला वेळ पन्नास मिनिटं. शंभर गुण, आणि आता ते खरोखरचे होते.

बाराव्या महिन्याचा नमुना त्यांनी माझ्याच हाती दिला. शेऱ्यात होतं: 'आज एक तराजू आला. चांगला आहे.'

परतीच्या बसमध्ये तो तराजू मांडीवर ठेवून मी पडताळणीचा अहवाल लिहिला. बस हलत होती, अक्षर वेडंवाकडं आलं. 'या कार्यालयात तीन वर्षांत एक अर्ज आला. तो मी नेला होता. शून्याला शंभर गुण देण्याची अट मी घातली. ती चूक आहे. निरीक्षकांनी बदलीची विनंती अकरा वेळा केली असून ती वाचण्याचे काम माझे होते.' खाली सही केली, आणि साहेबांना न दाखवता टपालात टाकला, थेट वर. हातात राहिला असता तर मला फाडताही आला असता.

साहेब आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "मॅडम, एक साधी सही आणायला सांगितली होती." यादी परत आली होती. ढाल अठ्ठ्याण्णव गुणांच्या कुठल्याशा कार्यालयाला गेली. सूत्र बसवायचं काम बाहेरच्या एका कंपनीला दिलं, जिन्याखालच्या खोलीत आता जुन्या खुर्च्या आहेत. मी आवकला बसते. पाकिटं फोडते, शिक्का मारते, क्रमांक घालते. साहेबांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. छत सरळ आहे एवढं मात्र बरं.

नमुने अजूनही येतात, एकशे अकरा. शेऱ्याचा रकाना आता मी वाचते. बहुतेक रिकामे असतात. एकीने लिहिलं होतं, पंखा नीट झाला, आभार. आभार कोणाचे ते कळलं नाही, कारण पंख्याचं आम्हाला माहीतच नव्हतं.

दोन महिन्यांनी एक जड लाकडी पेटी आवकला आली. ते कार्यालय बंद झालं होतं आणि वजनं भांडारात जमा व्हायची होती. सोबतच्या कागदावर ओळखीचं अक्षर: 'पुसून पाठवली आहेत. बोट लावू नये.' मी क्रमांक घातला. बोट लावलं नाही. भांडारातल्या माणसाने पेटी उघडून पाच किलोचं वजन पंजात धरून उचललं आणि म्हणाला, "बाप रे, काय जड आहे!"

निरीक्षकांना बाजारपेठेच्या गावी पाठवलं होतं, सात माणसांच्या कार्यालयात. कोऱ्या नमुन्यांचे गठ्ठे बांधणं अजून माझ्याकडेच होतं. त्या कार्यालयाचा गठ्ठा बांधताना मी वरच्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने एक छोटी खूण केली. उत्तराची गरज नव्हतीच. महिन्याने तोच कागद भरून आला. आलेले अर्ज दोनशे चौदा, निकाली दोनशे नऊ. अक्षर तिथल्या कोणा कारकुनाचं, तिरकं, घाईचं. शेऱ्याचा रकाना कोरा. माझी खूण कोपऱ्यात तशीच होती आणि तिच्यावर चहाचा गोल डाग पडला होता.

पाच अर्ज शिल्लक राहिले होते. त्यांचे नसणार ते.

मी शिक्का मारला आणि पुढचं पाकीट घेतलं.

त्या रविवारी मी आईच्या तराजूत पीठ तोलत होते. एकटीला किती लागतं ते मला तोलल्याशिवायही कळतं, पण शिक्का मारलेला तराजू नुसता ठेवून द्यायचा म्हणजे कसंसंच वाटतं. फोन वाजला.

"काय विशेष?" दादा म्हणाला.

"काही नाही," मी म्हणाले. आणि तो "बरं, ठेवतो" म्हणायच्या आत, "दादा, वेळ आहे का रे तुला?"

पलीकडे टीव्ही चालू होता, वहिनीचा आवाज होता. "का गं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. आईच्या तराजूचं काहीतरी सांगायचंय."

"सांग की. पाच मिनिटं आहेत माझ्याकडे."

पाच मिनिटांत बसेल तेवढं सांगितलं.